पाणी सुटायच्या आदल्या दिवशी: सोलापूरच्या घरात डेंग्यूचा कोरडा दिवस नीट कसा पाळायचा

"आम्ही पाळतो की कोरडा दिवस!" असं ठणकावून सांगणाऱ्या घरात बॅटरी मारली की दहापैकी एखाददुसऱ्या बॅरलमध्ये तरी अळ्या वळवळताना दिसतात. घरातली बाई खोटं बोलत नसते. तिने खरंच रविवारी बादल्या पालथ्या केलेल्या असतात. पण बॅरलमध्ये गुरुवारी आलेलं पाणी तसंच असतं, कारण पुढचं पाणी मंगळवारी. ते ओतून द्यायचं आणि दोन दिवस काय करायचं?

आमच्या बचत गटाच्या बायका पावसाळ्यात गल्लीत घरोघर फिरतात. चूक बहुतेक ठिकाणी एकच सापडते. कोरडा दिवस वारावर ठरवलेला असतो आणि पाणी वारावर येत नाही. सोलापुरात ते तीन दिवसांआड येतं, कुठे चार, कुठे पाच. उन्हाळ्यात किंवा जलवाहिनी फुटली तर आणखी लांबतं. म्हणून कोरडा दिवस पाण्याच्या पाळीला बांधायचा, असं आम्ही ठरवलं. पुढे सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेकांची मेहनत क्रम चुकल्यामुळेच वाया जाते.

(कोरडा दिवस म्हणजे पाणी साठवायची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करायचा दिवस. दारूची दुकानं बंद असतात तो ड्राय डे नव्हे. गल्लीतल्या एका काकांनी हे मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं.)

आधी हे गणित समजून घ्या

डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही, त्याला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी. चिकनगुनियाही हाच पसरवतो.

या डासाची मादी पाण्यात अंडी सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती अंडी चिकटवते. एका खेपेला शंभराच्या आसपास अंडी, आणि तीही एकाच भांड्यात नाही. चार भांड्यांत थोडी थोडी वाटून. अंडं मोहरीहून कितीतरी बारीक, काजळाच्या कणासारखं काळं. भांडं कोरडं पडलं तरी ते मरत नाही, महिनोन्‌महिने तसंच चिकटून राहतं. पुन्हा पाणी भरलं आणि ते बुडालं की फुटतं.

अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास. आपल्याकडच्या हवेत याला साधारण ७ ते १० दिवस लागतात, गरमीत सातच्या जवळ. आता पाळीशी हिशेब जुळवा. पाणी पाच दिवसांनी येत असेल आणि तुम्ही दर पाळीला बॅरल घासला, तर डास तयार व्हायच्या आत तुम्ही पोचता. एक पाळी चुकवलीत तर दहा दिवस होतात आणि डास उडून गेलेला असतो. म्हणजे "एक आड एक पाळी घासू" ही सवलत मिळत नाही.

टप्पा १: तयारी, एकदाच करायची

पाण्याचं वेळापत्रक लिहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. प्रत्येक गोलाच्या आदल्या दिवशी फुली मारा. फुली म्हणजे घासायचा दिवस. पाणी पहाटे सुटत असेल तर आदल्या संध्याकाळी घासा, रात्री अकराला सुटत असेल तर त्याच दिवशी दुपारी.

सामान फार लागत नाही:

- नारळाची काथ्या किंवा कडक नायलॉनचा ब्रश, लांब दांड्याचा. मऊ फडकं चालत नाही. अंडी चिकटलेली असतात, पुसून निघत नाहीत.
- चांगली बॅटरी. मोबाइलचा उजेड चालतो, पण मोबाइल बॅरलमध्ये पडल्याचे दोन प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडलेत.
- पांढरी बशी किंवा पांढरा मग.
- जुनं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा, चार पदरी घडी होईल इतका.
- प्रत्येक बॅरलसाठी सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा, कापड बांधायला.

मग घरातल्या पाणी धरणाऱ्या भांड्यांची यादी करा. आठवून नाही, फिरून. लोक बॅरल, हौद, टाकी, माठ सांगतात आणि थांबतात. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनी प्लँटची बाटली, कबुतरांसाठी गच्चीवर ठेवलेलं मातीचं भांडं, मिक्सर आल्यापासून अंगणात पडलेलं दगडी उखळ, कारखान्यातून आणलेला रंगाचा रिकामा डबा हे यादीत येतच नाही. माझ्या घरी पहिल्या दिवशी आठ भांडी मोजली होती, फिरल्यावर तेवीस निघाली.

बॅरल दोन-तीन असतील तर त्यांवर ऑइलपेंटने १, २, ३ असे आकडे टाका. याचं कारण पुढच्या टप्प्यात येतं.

टप्पा २: पाणी वापरायचा क्रम

मेहनत वाया जाते ती इथे. पाणी सुटलं की अर्ध्या भरलेल्या बॅरलमध्येच वरून पाइप सोडायचा, ही आपली सवय. जुन्यावर नवं. वर्षानुवर्षं बॅरलचा तळ कुणी पाहिलेला नसतो. त्यात आणखी एक गोम आहे: पातळी खाली गेल्यावर ओल्या भिंतीला घातलेली अंडी, नवं पाणी वर चढलं की नेमकी बुडतात. म्हणजे आपणच ती फोडायची सोय करतो.

तर असं करा. पाळीनंतर पहिल्या दिवसापासून १ नंबरचा बॅरल वापरायला घ्या आणि तो पूर्ण संपेपर्यंत २ नंबरला हात लावू नका. सगळ्या बॅरलमधून थोडं थोडं काढण्याची सवय असेल तर ती आधी मोडा. १ संपला की त्याच दिवशी घासून पालथा. मग २. आदल्या दिवसापर्यंत एकाच बॅरलमध्ये पाणी उरलं पाहिजे, तेही तळाला.

उरलेलं पाणी ओतवत नाही, हे मला मान्य आहे. ओतू नका. चार पदरी कापड घासलेल्या रिकाम्या बॅरलच्या तोंडावर बांधा आणि उरलेलं पाणी त्यातून गाळून ओता. अळ्या आणि कोष कापडावर राहतात. कापड उन्हात, कोरड्या मातीवर झटका. मग रिकामा झालेला बॅरल घासा. ते गाळलेलं पाणी पहिल्यांदा वापरा.

पाणी लांबलं की सगळ्यात जास्त धोका. जलवाहिनी फुटली, सहावा दिवस उजाडला, नळाला टिपूस नाही. त्या दिवशी कुणीही बॅरल रिकामा करणार नाही आणि करूही नये. पण गाळायला पाणी लागत नाही. सहाव्या दिवशी पाणी आलं नाही तर संध्याकाळी सगळं पाणी गाळून घ्या. आमच्या गल्लीत लांबलेल्या पाळीनंतरच अळ्या जास्त सापडतात.

*तपासणी:* आदल्या दिवशी संध्याकाळी तुमचे सगळे बॅरल मिळून एका बॅरलच्या तळाइतकंच पाणी आहे का? जास्त असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त साठवताय. एक बॅरल कमी करा, पालथा घाला.

टप्पा ३: घासणं

दोनशे लिटरच्या निळ्या बॅरलला पाच-सात मिनिटं लागतात. घाई केलीत तर नेमकी अंडीच राहतात.

१. बॅरल आडवा करा, उजेडाकडे तोंड करून. आतल्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा दिसतील, चहाच्या कपात राहतात तशा. अंडी या रेषांच्या आसपास असतात. तळ चकचकीत करत बसू नका, रेषांवर जोर द्या.

२. काठाच्या आतली वळलेली खाच. ब्रश तिथे पोचत नाही, काथ्या बोटाने दाबून फिरवा. अळ्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या एका घरात अखेर याच खाचेत काळे कण सापडले होते.

३. थोडी धुण्याची पावडर टाकून पुन्हा एकदा पूर्ण फेरी. मग दोन मग पाण्याने धुवा.

४. धुतलेलं पाणी अंगणातल्या तापलेल्या मातीवर पसरून ओता. गटारात नको, झाडाच्या आळ्यात नको, शेजारच्या बादलीत तर नकोच.

५. बॅरल तासभर तरी उन्हात पालथा. वाळल्याने अंडी मरत नाहीत, हे वर सांगितलंच. ऊन घासण्याच्या जागी नाही, घासल्यानंतर आहे.

मातीचा रांजण आणि माठ याच पद्धतीने, पण पावडर न वापरता. माती वास धरते. त्यांच्यावर उकळतं पाणी ओतून मग काथ्या फिरवा. तांब्या-पितळेच्या हंड्या-घागरी आपल्याकडे रोज घासायची पद्धत आहे. त्यांच्यात मी कधी अळी पाहिली नाही.

> सावधान: काही जण बॅरल "कडक" साफ करायला ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र टाकतात. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. तोंड आत घालून घासणाऱ्या माणसाचा श्वास कोंडतो. ही दोन्ही एकत्र कधीच नाही.

टप्पा ४: भरणं आणि झाकणं

भरताना काठोकाठ भरू नका, चार बोटं जागा सोडा. काठोकाठ भरलं की बांधलेलं कापड मध्ये झोल खाऊन पाण्याला टेकतं. टेकलेलं ओलं कापड म्हणजे झाकण नव्हे, मादीला बसायला मऊ गादी. कापड ताणून, ट्यूबच्या पट्ट्याने काठाखाली घट्ट. पट्टा बोटाने ओढला तर कडकन परत बसला पाहिजे.

प्लास्टिकचं झाकण असेल तर दोन गोष्टी बघा. एक, झाकणात पाइपसाठी पाडलेलं भोक. मग जाईल एवढं भोक डासाला महाद्वार आहे. दोन, झाकणाचा वरचा भाग. बऱ्याच झाकणांना वर गोल खाच असते आणि पावसाचं पाणी तिथे साचतं. बॅरलच्या आत काही नाही, वर झाकणावर अळ्या! आमच्या घरात माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला तेव्हा असंच निघालं. मी गल्लीला शिकवत फिरत होते आणि माझ्याच बॅरलच्या झाकणावर चमचाभर पाण्यात सात-आठ अळ्या. तेव्हापासून बाहेर ठेवलेल्या बॅरलचं झाकण मी तिरकं ठेवते, खाली लाकडाची चिपटी घालून.

*तपासणी, भरल्यावर तिसऱ्या दिवशी:* बॅरलवर सावली न पाडता हळूच कापड बाजूला करा. सावली पडली की अळ्या झटकन तळाला जातात आणि तुम्हाला वाटतं काही नाही. दोन मिनिटं थांबा. श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं. मगभर वरचं पाणी पांढऱ्या बशीत घ्या. शेपटाकडची नळी वर आणि डोकं खाली असं तिरकं लटकणारं काही दिसलं तर अळी. स्वल्पविरामासारखं वाकडं आणि गोलांट्या खाणारं दिसलं तर कोष. कोष दिसला तर पाळीची वाट बघू नका, त्यातून दोनेक दिवसांत डास निघतो. त्याच दिवशी गाळा आणि घासा.

टप्पा ५: जे रिकामं करता येत नाही

सिमेंटचा हौद, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी. यांच्यासाठी वरचं गणित चालत नाही.

गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसतं का, ते वर जाऊन बघा. खालून दिसत नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. जमिनीखालच्या टाकीचं लोखंडी झाकण कडेने उचललेलं असतं; फटीत जुन्या टायरच्या रबराची पट्टी ठोकली की बसतं.

वापराच्या पाण्याच्या उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. ते मिळवायला महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. पिण्याच्या पाण्यात नको, आणि तलावात किंवा विहिरीत नेऊन सोडू नका. तिथले स्थानिक मासे मागे पडतात. मासे सोडलेल्या हौदाची कड महिन्यातून एकदा घासायची असतेच.

आता ॲबेटबद्दल. महापालिकेचे किंवा आरोग्य केंद्राचे कर्मचारी अळ्या मारायला जे दुधट औषध टाकतात ते टेमिफॉस, ॲबेट हे त्याचंच बाजारातलं नाव. दहा लाख भाग पाण्यात एक भाग, इतकं कमी प्रमाण. या प्रमाणात टाकलेल्या पाण्याने कुणाला अपाय होत नाही. तरी कर्मचारी कोपऱ्यावर वळले की बॅरल ओतून देणारी घरं मी मोजत नाही, मोजली तर वाईट वाटतं.

पण उलट चूकही होते. औषध टाकलं म्हणजे महिनाभर काम झालं, असं धरून घासणं बंद. बॅरल संपवून नवं पाणी भरलं की औषध गेलं. शिवाय कोष काही खात नाही, त्यामुळे औषधाने तो मरत नाही. माझं मत विचाराल तर दर पाळीला घासला जाणाऱ्या बॅरलला ॲबेटची गरज नाही. ते हौदाला, टाकीला, बांधकामाच्या साइटवर पाण्याने भरून ठेवलेल्या खड्ड्यांना द्या. कर्मचारी आले की त्यांना थेट तिकडेच न्या.

> सावधान: शेतीच्या दुकानातलं कीटकनाशक आणून पाण्यात टाकू नका. "थोडंसंच" टाकलं तरी नाही.

टप्पा ६: उंबऱ्याबाहेर

नळाचा खड्डा. हे खास आपल्याकडचं प्रकरण. पाण्याला जोर नसतो म्हणून नळ जमिनीखाली दीड-दोन फूट उतरवलेला आणि भोवती खड्डा. पाणी गेलं की खड्ड्यात वीतभर पाणी राहतं, पुढच्या पाळीपर्यंत स्वच्छ आणि सावलीत. डासाला याहून काय हवं? पाणी भरून झालं की मगाने खड्डा उपसा, तळ फडक्याने कोरडा करा, भिंतीला काथ्या मारा, वर फरशी. तळाला पाणी मुरू शकेल अशी जमीन असेल तर वाळू-खडी भरून उंची वाढवता येते. भाडेकरू म्हणतो घरमालकाचं काम, घरमालक म्हणतो वापरतो कोण? पाणी भरणाऱ्याने उपसावं.

कूलर. मार्च ते जून सोलापुरात कूलर नाही असं घर शोधावं लागेल. चालू असतो तोवर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासणं पुरतं. गडबड होते ती पहिल्या पावसानंतर. गार वारा सुटतो, कूलर बंद होतो, आणि टाकीतलं पाणी तसंच खिडकीबाहेर लटकत राहतं, दिवाळीत रंगाला माणूस येईपर्यंत. बंद करायच्या दिवशीच टाकी उपसा, घासा, वाळवा. भुशाच्या जाळ्या फेकून द्या. त्यांना चिकटलेली अंडी पुढच्या उन्हाळ्यात पाणी पडल्यावर उठतात. दहा-वीस रुपये वाचवायला जाळी जपून ठेवू नका.

बाकी भराभर: टायर आडवे ठेवू नका, छपराखाली घ्या किंवा भंगारात द्या. करवंट्या, फुटक्या कुंड्या, चहाचे कप गोळा करा. गच्चीवर स्लॅबचा खोलगट कोपरा असेल तर सिमेंटने उतार काढा. फ्रिजमागचा ट्रे पाळीच्या फुलीबरोबरच धुवा. विड्या वळणाऱ्या घरांत पानं भिजवायची बादली रोज रिकामी होते, तिची काळजी नको. तिच्या शेजारी ठेवलेल्या जास्तीच्या बादलीची करा. संडासाच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला जाळी जरूर बांधा, पण तिथला डास बहुतेक वेगळा. ती बांधून डेंग्यू थांबेल असं नाही.

टप्पा ७: दहा घरं

एडिस फार लांब उडत नाही, साधारण शे-दोनशे मीटरच्या आत फिरतो. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या बॅरलमधलाच. एकट्याने घासून अर्धंच काम होतं.

दहा घरांमागे एक माणूस नेमा. त्याने पाळीच्या आदल्या संध्याकाळी फक्त एक हाक द्यायची. आमच्याकडे निम्मी गल्ली तेलुगू बोलते, काही घरं कानडी. फळ्यावर मराठीत लिहिलेली सूचना तिथे वाचली जात नाही. हाक त्यांच्या भाषेत गेली की काम होतं. दुसऱ्याच्या घरात तपासायला जाताना दोघी जा, आणि आधी आपलं घर दाखवून या. "तुमच्याकडे अळ्या आहेत" असं भर गल्लीत सांगू नका, एकदा दार बंद झालं की ते वर्षभर उघडत नाही. बशी त्यांच्याच हातात द्या, त्यांनाच बघू द्या.

मोजणी ठेवायची असेल तर तीन आकडे पुरतात. समजा २५ घरं पाहिली, ५ घरांत अळ्या मिळाल्या, एकूण १४० भांडी तपासली, त्यातली ९ अळ्यांची निघाली. अळ्यांची घरं भागिले पाहिलेली घरं गुणिले शंभर, म्हणजे २०. हा घर निर्देशांक. अळ्यांची भांडी भागिले तपासलेली भांडी गुणिले शंभर, म्हणजे ६.४, हा भांडी निर्देशांक. आणि दर शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, ते ३६. याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. दुसऱ्या पेठेशी तुलना करून भांडू नका. आपल्याच मागच्या पाळीचा आकडा बघा. घर निर्देशांक उतरला आणि ब्रेटो तसाच राहिला तर दोन-तीन घरांतच सगळी घाण आहे, तिकडे जा.

टप्पा ८: ताप आलाच तर

तारीख लिहा. ताप पहिल्यांदा चढला तो दिवस १. पुढचं सगळं या आकड्यावर चालतं आणि डॉक्टरांनी विचारलं की घरचे "झाले असतील तीन-चार दिवस" म्हणतात.

- एनएस-१ तपासणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून "निगेटिव्ह आलं, डेंग्यू नाही" असं धरू नका.
- तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, रक्तस्राव वाढतो. अंगदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून "कॉम्बिनेशन" गोळी आणू नका, त्यात बहुधा यातलं एक असतं.
- पाणी, ताक, पेज, नारळपाणी, ओआरएस. लघवी नीट होते का बघा.
- रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत. इथे हमखास चूक होते, मच्छरदाणी रात्रीच लावतात. ताप असताना रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला देऊ लागतो आणि मरेपर्यंत देतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो आणि माणूस कारखान्यात कामाला जातो. नेमके तेच दिवस धोक्याचे. ताप उतरताना पोटात जोरात दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून-नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका, थेट रुग्णालय. गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा मधुमेही असेल तर त्याआधीच जा.

प्लेटलेटचा एक आकडा बघून घाबरू नका आणि एक आकडा बघून निर्धास्तही होऊ नका. डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि रक्तदाबही बघतात. पपईच्या पानांच्या रसावर मी इथे वाद घालत नाही. रस पाजण्यात रुग्णालयाची वेळ दवडू नका, एवढंच. आणि "एकदा होऊन गेला, आता होत नाही" हे चूक. विषाणूचे चार प्रकार आहेत, दुसऱ्या प्रकाराने पुन्हा होतो आणि तेव्हा जास्त त्रास देऊ शकतो.

डेंग्यूचं निदान झालं की महापालिकेच्या आरोग्य केंद्राला कळवायला डॉक्टरांना सांगा, आशाताईंनाही सांगा. लपवू नका. त्याच दिवशी, पाळी असो-नसो, रुग्णाच्या आजूबाजूच्या सगळ्या घरांत गाळणं-घासणं.

धुराबद्दल

रुग्ण निघाला की पहिली मागणी धूर फवारणीची. धुराने उडते डास मरतात. अळ्या, कोष आणि अंडी जशीच्या तशी. धुराची गाडी गेल्यावर चार दिवसांत नवे डास उडतात आणि लोक म्हणतात औषधात भेसळ होती. क्रम असा ठेवा: आधी घासणं, मग धूर. गाडी आली की दारं-खिडक्या लावून घेऊ नका, उघडी ठेवा, कारण हा डास घरातच कपड्यांमागे, पलंगाखाली बसतो. अन्न-पाणी झाका, दमा असलेल्यांना आणि बाळांना धुरापासून लांब न्या.

पाऊस संपल्यावर

रुग्ण सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत जास्त दिसतात. डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, हवा गार असते. अळीपासून डास व्हायला जास्त दिवस लागतात. तेव्हा हात थोडा सैल सोडला तरी चालतो, पण बॅरल आपल्याकडे बारा महिने भरलेला असतो. त्यामुळे फुली पुसू नका. मार्चमध्ये कूलर खाली काढाल तेव्हा त्याची टाकी पाणी भरायच्या आधी एकदा घासा, आणि जुनी जाळी ठेवली असेल तर ती त्याच दिवशी जाळा.